उरलेला दोर कापू नका, लोंबताही ठेवू नका

कापडाचा व्यापारी भाव पाहतो, पोत पाहतो, रंग पक्का की कच्चा तेही पाहतो. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा सुरतेचा माल शेवटच्या टप्प्यात कसा बांधला जातो, याकडे त्याचे लक्ष नसते. अनसिंगला हा माल वाशीमहून सडकेनेच येतो. बिल्टीवर अनेकदा ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो. म्हणजे गठ्ठा वाटेत पडला किंवा भिजला तर नुकसान व्यापाऱ्याच्या माथी येऊ शकते, आणि माल उधारीचा असला तर रक्कम तरीही चुकवावीच लागते.

ट्रकसाठी घेतलेला दोर लहान टेम्पोला लांब पडतो. मग घाईत निरगाठ मारून दोर कापला जातो किंवा टोक लोंबते सोडले जाते. कापलेला दोर पुढल्या खेपेला तोकडा पडतो. लोंबते टोक चाकात गुंतते. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणून ओढ धरणारी, पण गाडी रिकामी करताना एका झटक्यात सुटणारी गाठ हवी. ती म्हणजे सुरगाठ. कोणती पद्धत घ्यावी, हे दोर किती उरतो त्यावर ठरवावे.

दोर दुपटीहून लांब असेल तर : दोराचा मध्य शोधा. तो दुहेरी पदर आकड्यामागून घेऊन दोन्ही टोके त्यातून ओढून घ्या. आता दोन दोर झाले. ते मालावरून नेऊन समोरच्या दोन वेगवेगळ्या आकड्यांना बांधा. एक सैल झाला तरी दुसरा माल धरून ठेवतो.

दोर थोडा उरत असेल तर : दोर मालावरून पलीकडे टाका. आकड्याच्या हातभर वर दोराला पीळ देऊन त्यातून दुहेरी पदर काढा व फास करा. हा पदर मोकळ्या टोकाच्या बाजूचाच घ्यावा. मालाकडच्या बाजूचा घेतला तर ओढ पडताच फास आवळून बंद होतो. मग टोक आकड्याखालून घेऊन फासातून ओवा आणि खाली ओढा. हिशेबाने ओढ तिप्पट व्हावी. घर्षणात बरीच जाते, तरी नुसत्या हाताच्या ओढीपेक्षा दोर पुष्कळ घट्ट बसतो. ओढ चिमटीत धरून उरलेला दोर दुहेरी करूनच फासाखाली दोन फेरे मारा. सगळे टोक ओढून काढण्याची गरज नाही, आणि सोडताना टोक ओढले की गाठ मोकळी.

त्यानंतरही दोर उरला तर तो ताडपत्रीवर तिरपा फिरवून दुसऱ्या आकड्याला न्या. शेवटचे चार हात गुंडाळी करून, मधोमध वेढे देऊन, वरच्या ताणलेल्या दोराखाली खोचा. चाक आणि सायलेन्सरजवळ काहीही राहू देऊ नका.

दोराची जातही पाहावी. नायलॉन ताणतो, म्हणून वाटेत सैल पडतो. प्लास्टिकचा दोर गुळगुळीत असतो. त्याला एक फेरा जास्त द्यावा. उन्हात तो लवकर कुजतो. दोर कोणताही असो, गाठ पडली की त्याची ताकद घटते. काही गाठींत ती निम्म्यावर येते. म्हणून गाठींवर गाठी मारून मजबुती येत नाही.

दोन दोर जोडावेच लागले तर विणकराची गाठ घ्यावी. मागावर तुटलेला धागा जोडण्याची हीच गाठ खलाशी कमी-जास्त जाडीचे दोर जोडायला वापरतात. जाड दोर दुमडायचा. बारीक दोर त्या दुमडीतून वर काढून, मागून वेढून स्वतःच्याच खाली अडकवायचा. टोके लांब सोडावीत.

कापडाचे गठ्ठे हादऱ्यांनी दबतात, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून दोर पुन्हा ताणावा. खोक्यांच्या कडांवर दोराखाली बारदानाचा तुकडा ठेवावा. गठ्ठे बाहेर कलले तर कायद्याचीही बाब येते : मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार माल गाडीच्या बाजूंबाहेर किंवा उंचीच्या मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च भरावा लागतो.

व्यापारी बंधूंनी बिल्टीवर सही करण्यापूर्वी गाडीभोवती एक चक्कर मारावी. प्रत्येक दोर हाताने दाबून पाहावा व लोंबते टोक दिसले तर गाडी हलू देऊ नये. यात पाच मिनिटे जातात, पण आपला माल आणि दुसऱ्याचा जीव दोन्ही वाचतात.