गोळी द्यायची का, डॉक्टर?

सकाळी साडेआठ

ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी शाळांकडून आलेले फॉर्म वाचते. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाची, शंका असलेल्या मुलाच्या वर्गशिक्षिकेकडून आम्ही प्रश्नावली भरून घेतो. जागेवरून सारखा उठतो का, वही अर्धवट सोडतो का, दुसऱ्याचं बोलणं तोडतो का, असे प्रश्न. प्रत्येकापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत चौकटी. आजच्या एका फॉर्मच्या मागच्या बाजूला बाईंनी हाताने लिहिलंय, 'तोंडी विचारलं तर सगळं येतं. पेपरात दोन प्रश्न सोडवतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. डबा वाटून खातो.' पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ज्यांनी हे टिपलं, त्यांच्या शब्दावर मी विसंबते. निदानासाठी त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे हवा, सहा महिन्यांहून जास्त चाललेला हवा आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेला हवा. मूल एकाच ठिकाणी सैरभैर होत असेल, तर आधी त्या ठिकाणी काय चाललंय ते बघावं लागतं.

साडेनऊ

दुसरीतली मुलगी. आई म्हणाली, "धांदरट आहे हो, सारखी तंद्रीत." रात्रीच्या झोपेबद्दल विचारलं, तर घोरते, तोंडाने श्वास घेते, सकाळी उठता उठत नाही. तिला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. ज्या मुलाची झोपच होत नाही, त्याचं लक्ष लागत नाही म्हणून गोळी सुरू करणं मला पटत नाही.

साडेदहा

मघाच्या फॉर्ममधला मुलगा आला. नऊ वर्षांचा, चौथीत. आईबाबा आणि आजी सोबत. बसल्या बसल्या त्याने माझा स्टेपलर उघडला, पिना सांडल्या, आणि मी काही बोलायच्या आत एकेक वेचून परत भरल्यासुद्धा.

या घराने गेले काही महिने मनापासून मेहनत घेतली आहे. अभ्यासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे, एका वेळी एकच सूचना, केलेल्या कामाचं तिथल्या तिथे कौतुक, वर्गात पुढचा बाक. घरातली आरडाओरड कमी झाली. शाळेतलं गाडं मात्र अडलेलंच आहे. म्हणून आज औषधाचं बोलायचं होतं.

आजींनीच सुरुवात केली. "नातवाला नशेची गोळी देणार का तुम्ही?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. ही गोळी, म्हणजे मिथिलफेनिडेट, आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या यादीत आहे, हे मी त्यांना सरळ सांगितलं. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, तोंडाने घेतलेल्या या औषधामुळे मुलं पुढे व्यसनाकडे वळतात असं दिसलेलं नाही. साध्या गोळीचा अंमल तीन-चार तासांत उतरतो. उद्या दिली नाही, तर उद्या तो होता तसाच.

बाबा अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. ते वाचून आले होते. "1999 सालचा अमेरिकेतला तो मोठा अभ्यास. 579 मुलं. तीन वर्षांनी गटागटांत फरकच उरला नाही म्हणतात. मग कशाला द्यायची?"

वाचलेलं बरोबर होतं. त्याच अभ्यासात पहिल्या 14 महिन्यांनंतर, काळजीपूर्वक मात्रा ठरवून औषध दिलेल्या मुलांची एकाग्रता आणि चंचलता नुसत्या वर्तनोपचारापेक्षा बरीच सुधारलेली होती. नंतर ठरवून दिलेले उपचार संपले आणि घरं आपापल्या वाटेने गेली. कुणी औषध थांबवलं, कुणी नव्याने सुरू केलं. म्हणून मी बाबांना दहावीच्या निकालाचं वचन दिलं नाही. सहामाहीचा पेपर वेळेत लिहून होतो का, एवढंच आपण बघू, असं म्हणाले.

आई इतका वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "त्याचा खोडकरपणा जाईल का? तो मला हवाय."

जवळजवळ प्रत्येक आई हे विचारते, आणि विचारायलाच हवं. गोळीने मूल मलूल, गप्पगप्प झालं, तर मात्रा जास्त झाली किंवा औषधच त्याला मानवलं नाही. तेव्हा मात्रा कमी करायची, नाहीतर थांबवायचं.

शेवटी मी त्यालाच विचारलं, तुला कशाचा त्रास होतो? तो म्हणाला, "सगळे डबा खाऊन खेळायला जातात, तेव्हा माझं फळ्यावरचं उतरवायचं राहिलेलं असतं."

'मोठा झाला की सुधारेल' म्हणत वर्षं काढणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत मुलालाच मोजावी लागते. रोज 'आळशी', 'बेशिस्त' ऐकणारं मूल स्वतःला तेच समजू लागतं. हे मला फार लागतं आणि मी ते पालकांना बोलून दाखवते.

वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहिला. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हा कधी खेळताना चक्कर येऊन पडला का, ते विचारलं. चिठ्ठी मात्र दिली नाही. घरी बोला, मग सांगा म्हटलं.

साडेबारा

पाच वर्षांचा मुलगा, बालवाडीत. शाळेने बजावलंय, गोळी सुरू करा नाहीतर काढून न्या. सहा वर्षांच्या आत पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण हाच. शाळेला तसं पत्र लिहून दिलं.

तीन

आठवीतला मुलगा, गोळी चालू असलेला. उंची ठीक, वजन अडलंय. दुपारचा डबा भरलेलाच परत येतो. तो म्हणाला, "मॅडम, गोळी घेतली की गणित जमतं, पण मला विनोद सुचत नाहीत." आई हसली, मी हसले नाही. मात्रा कमी केली. शाळेतून आल्यावर आणि रात्री, भूक परतते तेव्हा, पोटभर वाढायला सांगितलं.

पाच

निफाडहून फोन. गोळ्या संपल्या आणि गावात मिळत नाहीत. हे औषध शेड्यूल एक्समधलं; दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यातली एक त्याला दोन वर्षं जपावी लागते. नियम योग्यच आहे. पण तालुक्याच्या गावातली आई रजा टाकून एसटीने नाशिकला येते, तेव्हा ते औषध तिला एका फेरीत मिळालं पाहिजे, म्हणून मी आधी दुकानात फोन करून खात्री करून घेते.

सात

चौथीतल्या मुलाचे बाबा कामावरून परस्पर आले. "ठरलं, सुरू करू." सर्वांत कमी मात्रा लिहिली, दोन प्रतींत. शनिवारी घरी असताना पहिली गोळी द्या, म्हणजे आईला दिवसभर बघता येईल. भूक, झोप, डोकेदुखी, पोटदुखी, चिडचिड वहीत लिहा. पुढच्या भेटीला त्यालाही आणा.

आजींनी अट घातली होती: पोटभर न्याहारी झाल्याशिवाय गोळी नाही. तशीच ती चिठ्ठीवर लिहिली, आजींचं नाव घालून.