कवळीवरून फुटलेलं मंत्रिमंडळ

संरक्षण खर्चावरून सरकारं भांडतात तेव्हा वाद विमानांचा आणि जहाजांचा असेल, असं आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली तो कवळीवर आणि चष्म्यावर येऊन ठेपला!

५ जुलै १९४८ला तिथे मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. तोवर गरीब माणूस दुकानातले चष्मे एकामागून एक नाकावर चढवून बघायचा आणि ज्यातून बरं दिसेल तो विकत घ्यायचा. सेवा सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून जास्त चष्मे दिले गेले. म्हणजे तोवर किती लोक अंदाजानेच जग बघत होते, कल्पना करा.

मग १९५०च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकेने रेटा लावला आणि ॲटलींच्या मजूर सरकारने तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रसज्जतेवर खर्च करायचं ठरवलं. पैशांची तोंडमिळवणी करताना अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी १० एप्रिल १९५१च्या अर्थसंकल्पात आयकर वाढवलाच, शिवाय कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च रुग्णाने द्यावा, असंही सुचवलं.

यातून वाचणार किती? पहिल्या वर्षी १ कोटी ३० लाख पौंड, पुढे वर्षाला २ कोटी ३० लाख. शस्त्रांच्या शंभर पौंडांमागे जेमतेम दीड पौंड! एवढ्यासाठी कुणी हटून बसतं का? दोन मंत्री बसले. गेट्सकेल यांचं म्हणणं, आरोग्याच्या खर्चाला आत्ता लगाम घातला नाही तर तो कधीच घालता येणार नाही. आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन मूळचे वेल्सच्या कोळसा खाणीतले कामगार. मोफत म्हणजे मोफत, एकदा दार किलकिलं केलं की ते उघडत जाणार, हा त्यांचा हेका. समेट घडवू शकणारे पंतप्रधान ॲटली नेमके तेव्हा अल्सरने इस्पितळात! २२ एप्रिलला बेव्हन यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ सहकारी मंत्री हॅरल्ड विल्सन यांनीही.

मला थक्क करतो तो बेव्हन यांचा दुसरा मुद्दा, कवळीच्या गदारोळात झाकला गेलेला. ते म्हणत होते, कच्चा माल आणि यंत्रं कुठून आणणार? ४७० कोटी ठरलेल्या मुदतीत खर्च होणंच शक्य नाही. सगळा ताळेबंद ज्या आकड्यासाठी जुळवायचा, तो आकडाच हवेत होता.

ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाला मतं जास्त आणि जागा कमी मिळाल्या. सत्ता गेली, ती पुढची तेरा वर्षं. नवे पंतप्रधान चर्चिल यांनी शस्त्रांचा कार्यक्रम लांबवला आणि डिसेंबरमध्ये संसदेत, खवचटपणे का होईना, बेव्हन यांचा अंदाज खरा ठरल्याचं मान्य केलं. शुल्क मात्र रद्द झालं नाही. उलट १९५२मध्ये औषधांच्या चिठ्ठीलाही एक शिलिंग लागला. इंग्लंडमध्ये कवळीसाठी बहुतेकांना आजही पैसे मोजावे लागतात.