फर्मवेअर बदललं की आवाज बदलतो का?

मोबाइल किंवा टीव्हीतल्या आकड्यांचा आवाज करणारी पेटी म्हणजे डॅक. तिच्या आतली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. सीडीच्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ते सांधताना कोणता फिल्टर लावायचा, हे अनेक डॅकमध्ये फर्मवेअर ठरवतं. तो बदलला तर फरक मुख्यतः २० किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, बहुतेकांच्या कानांपलीकडे. फर्मवेअर अपडेटनंतर आवाज अर्ध्या-एक डेसिबलने वाढला, तर मात्र तीच भैरवी जास्त खुललेली वाटते. म्हणून तुलना सारख्याच पातळीवर करावी. खटखट, मध्येच तुटणं हे दोष अपडेटने खरोखर जाऊ शकतात. पण नांदेड-लातूरकडे वळवाच्या पावसात वीज केव्हाही जाते. त्यामुळे अपडेट अर्धवट राहिलं तर डॅक कायमचा गप्प होऊ शकतो. तेव्हा आधी इन्व्हर्टर चालू आहे ना, ते बघा.