दहा वर्षांची अट

कुत्र्यांचं आयुष्य वाढवणाऱ्या अमेरिकी गोळीची बातमी एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवरून फिरून झाली. तिच्यातली बारीक अट मात्र फारशी कुणी वाचलेली दिसत नाही. लॉयल कंपनीच्या ज्या गोळीचा गुण येईल असं मानायला आधार आहे, असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2025 मध्ये मान्य केलं, ती दहा वर्षांच्या आणि त्यापुढच्या कुत्र्यांसाठी आहे. ग्रेट डेन पाळणाऱ्याने यावर हसावं की रडावं? त्याचा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षी म्हातारा झालेला असतो. गिनेसने जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून नोंदवलेला मिशिगनचा झ्यूस 111.8 सेंटिमीटर उंच होता. 2014 मध्ये पाच वर्षांचा असताना गेला. आयोवाचा केविन तर 2024 च्या जूनमध्ये, उंचीचा किताब जाहीर होऊन काही दिवस होतात न होतात तोच गेला. वय तीन.

हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो, मग कुत्र्यांतच हे उलटं का? कॉर्नेलिया क्राउस, सामुएल पावार आणि डॅनियल प्रॉमिस्लो यांनी 2013 मध्ये 74 जातींच्या 56 हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या कुत्र्यांचं म्हातारपण लवकर सुरू होतं असं नाही, एकदा सुरू झालं की ते भरधाव धावतं, असा त्यांचा निष्कर्ष. वजनातल्या दर दोन किलोंमागे साधारण महिनाभराचं आयुष्य कमी, हा त्यांचा हिशेब. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यापेक्षा साठ किलोचा कुत्रा दोन वर्षं आधी जाणार. संशय आहे तो आयजीएफ-1 या वाढीच्या संप्रेरकावर. जन्मताना किलोभरही नसलेलं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोंच्या आसपास जातं, त्याची किंमत शरीर कुठेतरी वसूल करणारच. हेच संप्रेरक आटोक्यात ठेवणारं मोठ्या कुत्र्यांसाठीचं इंजेक्शनही लॉयलच्या यादीत आहे. त्याच्याविषयी मी सध्या फार आशा धरत नाही. ते आलं, तरी इथे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात कधी पोचेल, हा वेगळाच प्रश्न.

याच जिल्ह्यातल्या हट्टा गावी एका ओळखीच्या घरी असा एक ग्रेट डेन आहे. गावातली जुनी बावडी बघायला आलेले पाहुणे रस्त्यात थबकून विचारतात, ‘वासरू हाय का जी हे?’ फरशीवर बसून बसून कोपरांवरचे केस गेलेत, कातडी काळी, राठ झालीय. शेपटी आनंदाने भिंतीवर आपटून टोकाला जखम होते, आणि ती बरी होत नाही कारण आनंदही थांबत नाही. तुम्ही उभे असलात की येऊन सगळा भार तुमच्या मांडीवर टाकून रेलतो. तोल सांभाळणं ही तुमची जबाबदारी. फटाके वाजले की हाच पहाड दिवाणाखाली शिरायला बघतो आणि अर्धा बाहेर उरतो. लहान कुत्र्याला आपण मांडीवर घेतो. हा आपल्याला घेतो. हे सुख ज्याने एकदा घेतलं त्याला लॅब्राडॉर दाखवून उपयोग नसतो.

पण या घरचे लोक वर्षांना भीत नाहीत, तासांना भितात. अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ खातं. रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो, बाहेर काही येत नाही, लाळ गळते, पोट टणक होतं. तासाभरात डॉक्टरसमोर आणि लगोलग शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला तर वाचण्याची आशा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात ग्रेट डेनला आयुष्यात कधीतरी हा झटका येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात निघाली. हट्ट्याहून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाडीने चारेक तास, जबलपूर त्याहून लांब. रात्री अकराला पोट फुगलं तर हिशेब तुम्हीच करा.

पोट आधीच टाके घालून आतल्या भिंतीला बांधून ठेवता येतं. नसबंदीच्या वेळीच हे उरकलं तर पीळ जवळजवळ पडतच नाही. पिल्लू विकणारा हे सांगत नाही. तो कॅल्शियमची बाटली आणि जेवणाचं उंच स्टँड गळ्यात मारतो. जादा कॅल्शियमने हाडं बिघडतात, हे प्रयोग झाले तेच मुळी ग्रेट डेनच्या पिल्लांवर. आणि उंचावर ठेवलेल्या भांड्याने पोटाचा धोका कमी न होता वाढलेला दिसला, हेही पर्ड्यूचंच निरीक्षण. नागपुरात सेंट बर्नार्डसुद्धा विकायला असतो. आल्प्समधल्या 2,469 मीटर उंचीच्या खिंडीत जोपासलेली ही जात मे महिन्यातल्या विदर्भात कूलरपुढे धापा टाकत पडलेली बघणं मला सोसत नाही. ही हौस कायद्याने बंद व्हावी असं माझं मत आहे. हौशी मंडळींना ते कडू लागेल, लागू दे.

ग्रेट डेनच्या बाबतीत मी इतका कडक नाही, याला त्या मांडीवरच्या भारापलीकडे काही कारण नाही. ओळखीच्या घरचा आता सहा वर्षांचा आहे. उठताना मागचे पाय आधी चाचपतो. मालकांनी पुढच्या पिल्लासाठी चौकशी सुरू केलीय, घरच्या काकूंनी एकच अट घातली आहे: आधी टाके, मग पट्टा.