मख्ख चेहऱ्याच्या आत

लग्नघरात सगळे खिदळत असताना जो हसत नाही आणि मयतीच्या घरी ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्याला आपण घुमा म्हणतो, मख्ख म्हणतो, दगड म्हणतो. चेहऱ्यावर नाही ते काळजातही नाही, असा निवाडाच या शब्दांत असतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ॲन क्रिंग यांनी 1990च्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना भावना जागवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. चेहरे फारसे हलले नाहीत, पण काय वाटले ते रुग्णांनी इतरांइतक्याच तीव्रतेने सांगितले. पार्किन्सनमध्ये तर चेहऱ्याचे स्नायूच मंदावतात, पापण्या कमी लवतात, आवाज बसतो. नातू मांडीवर येतो, आजोबा सुखावतात, पण हसू ओठांपर्यंत पोचत नाही आणि घरचे समजतात, म्हाताऱ्याची माया आटली. भरताच्या नाट्यशास्त्राची जाण इथे अधिक खोल आहे: आठ सात्त्विक भावांत अश्रूंबरोबर स्तंभही आहे, म्हणजे जागच्या जागी थिजणे हासुद्धा भावच.

बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात चेहऱ्यावरून मन ठरवण्याची ही चूक आणखी सहज होते. 1956 साली शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे जिल्ह्यात घरात पोवारी किंवा मराठी, बैहर तालुक्याकडे गोंडी, आणि दवाखान्यात मात्र हिंदी. परक्या भाषेत दुखणे सांगताना माणूस शब्द शोधतो, मान खाली घालतो, 'ठीक है' म्हणून मोकळा होतो. समोरच्याला तो निर्विकार वाटतो.

कुणी म्हणेल, ज्याला खरेच काही वाटत नाही असा माणूस नसतोच का? असतो. नैराश्यात भावना बोथट होतात, आणि रुग्ण स्वतःच सांगतो की आता रडूही येत नाही. पण ते चेहऱ्यावरून ठरत नाही, विचारूनच कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अबोल माणसासोबत राहणाऱ्या बायकोने, मुलांनी सगळे ओळखूनच घ्यायचे का? नाही. त्यांना दोन शब्द मिळायलाच हवेत. चेहरा साथ देत नसेल तर तोंडाने सांगावे, हाताने सांगावे. जन्मापासून शांत असलेल्याला मात्र बदलायला जाऊ नका. पण कालपर्यंत हसणारा चेहरा हळूहळू कोरा होत असेल तर त्याला स्वभाव म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या दुखण्यासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो.