पडद्यावरचा जांभळा डाग आणि पृथ्वीचे चुंबक

गणपतीत कोकणातल्या घरांमधले सामान जागा बदलते. मखरासाठी बाहेरच्या खोलीतली मोक्याची भिंत मोकळी करायची, तिथला टीव्ही दुसऱ्या भिंतीला न्यायचा, आरत्या लावण्यासाठी आणलेला मोठा स्पीकर जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुधा टीव्हीला खेटूनच, ठेवायचा. पनवेलहून रोह्याच्या गाडीने सोमाटणे, रसायनी मागे टाकले की पाताळगंगेच्या काठचे आपटा लागते. हिंदी चित्रपटवाल्यांनी तिथले रेल्वे स्टेशन पुन्हा पुन्हा पडद्यावर आणले आहे. अशा एखाद्या गावात मागून फुगीर, दोघांनी उचलावा लागणारा जुना रंगीत टीव्ही अजून चालू असेल, तर विसर्जनानंतर त्याच्या पडद्यावर नवीच गोष्ट दिसू शकते. एका कोपऱ्यात जांभळट डाग, दुसरीकडे हिरवट झाक, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा निळा. स्पीकर हलवला तरी डाग जात नाही. मग घरात ठरते, ‘ट्यूब गेली’, आणि टीव्ही भंगारात निघतो.

बहुतेक वेळा हे निदान चुकीचे असते. ट्यूब धडधाकट असते. तिच्या आतला एक पातळ पत्रा तेवढा चुंबक झालेला असतो, आणि ते चुंबकत्व उतरवता येते.

रंगीत पिक्चर ट्यूबच्या मागच्या, निमुळत्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात. त्यांतून निघणाऱ्या तिन्ही झोतांना स्वतःचा रंग नसतो. रंग असतो तो पडद्याच्या काचेवर आतून दिलेल्या फॉस्फरच्या (इलेक्ट्रॉन पडले की चमकणाऱ्या पदार्थाच्या) लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांना किंवा पट्ट्यांना. ‘लाल’ गनमधले इलेक्ट्रॉन फक्त लाल ठिपक्यांवर आणि ‘हिरव्या’ गनमधले फक्त हिरव्यांवरच पडले पाहिजेत. हे साधण्यासाठी काचेच्या साधारण सेंटीमीटरभर आत लाखो छिद्रांचा एक पातळ पोलादी पत्रा बसवलेला असतो, चाळणीसारखा. त्याला शॅडो मास्क म्हणतात. तीन गनमधले झोत एकाच छिद्रातून जरा वेगवेगळ्या कोनांनी बाहेर पडतात आणि आपापल्या रंगाचा ठिपका गाठतात. जेमतेम एक पंचमांश इलेक्ट्रॉन या छिद्रांतून पार होतात, बाकीचे मास्कवरच आदळून उष्णता होतात. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये अशी ट्यूब लोकांसमोर आणली. आपल्याकडे १९८२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आणि त्यानंतर दिल्लीच्या आशियाई खेळांच्या प्रक्षेपणापासून रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि हे यंत्र घराघरात पोचले. इतक्या नाजूक भूमितीचे यंत्र मध्यमवर्गीय खिशाला परवडेल अशा किमतीत बनत होते, याचे मला आजही नवल वाटते.

ही भूमिती किती नाजूक आहे, हे हिशेबाने कळते. ट्यूबमधला विद्युतदाब सुमारे २५ हजार व्होल्टचा. त्याने इलेक्ट्रॉनला प्रकाशाच्या जवळजवळ ३० टक्के वेग मिळतो, म्हणजे सेकंदाला ९० हजार किलोमीटर. मान ते पडदा हे फूटभर अंतर तो तीन-चार नॅनोसेकंदांत कापतो. चुंबकीय क्षेत्रात धावत्या विद्युतभारावर आडवे बल पडते, त्यामुळे एवढ्या अल्प काळातही पृथ्वीचे क्षीण क्षेत्र उघड्या झोताला तीनेक मिलिमीटर बाजूला ओढू शकते. छिद्राशी येताना झोताचा कोन किंचित बिघडला, तर मास्क ते काच या शेवटच्या सेंटीमीटरभर प्रवासात तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा सरकतो. शेजारशेजारचे ठिपकेच मुळी मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर असतात. लाल झोत हिरव्याच्या हद्दीत शिरायला एवढी चूक पुरते. म्हणून ट्यूबच्या आत लोखंडी कवच घातलेले असते.

पृथ्वीचे हे क्षेत्र आपल्या भागात किती आहे, याचे उत्तर द्यायला आपटेकरांना लांब जावे लागत नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय त्यांच्याच तालुक्यात, नवीन पनवेलला आहे, आणि तिची सर्वांत जुनी वेधशाळा त्यांच्याच जिल्ह्यात, अलिबागला. या वेधशाळेचे मूळ मुंबईतल्या कुलाब्याचे. युरोपात गाऊस आणि वेबर या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने चुंबकीय वेधशाळांचे जाळे विणले जात होते, त्याच काळात १८४१ मध्ये कुलाब्याला चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले गणिती केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचे क्षेत्र हादरले, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणांनी आडव्या, म्हणजे जमिनीला समांतर, क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरण टिपली. आजही जगभरचे संशोधक त्या नोंदीकडे वळतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरतो आणि त्याचे क्षेत्र नाजूक मोजमापात मिसळते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला हलवायचे ठरवले. १९०४ मध्ये तिथली वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींत चुंबकीय साहित्य कटाक्षाने टाळले. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले. पहिली विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. गडबड होण्याआधीच तिच्यापासून दूर जाण्याची ही दूरदृष्टी विलक्षण होती. तिच्यामुळे पावणेदोनशेहून अधिक वर्षांची जवळजवळ सलग नोंद आपल्या हाती आहे.

अलिबागचे आकडे टीव्हीवाल्यालाही उपयोगी आहेत. तिथले एकूण क्षेत्र ०.४ गॉसच्या थोडे वर आहे. त्यातला जमिनीला समांतर भाग सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला, म्हणजे ०.३८ गॉस, आणि उभा भाग त्याच्या साधारण निम्मा. इंग्लंडमध्ये नेमके उलटे आहे. तिथे उभा भाग मोठा आणि आडवा आपल्या निम्मा. उभा भाग टीव्ही कुठेही तोंड करून ठेवला तरी तसाच राहतो. आडवा भाग मात्र टीव्ही वळवला की ट्यूबच्या दृष्टीने दिशा बदलतो. म्हणूनच पूर्वेच्या भिंतीचा टीव्ही उत्तरेच्या भिंतीला नेला तर रंग बिघडण्याचा धोका कोकणात लंडनपेक्षा जास्त. मखरासाठी टीव्ही हलवण्याचा परिणाम कुणाच्या मनातला नसतो, तो खरा असतो.

स्पीकरची गोष्ट याहून मोठी आहे. त्याच्या फेराइट चुंबकाजवळ क्षेत्र शेकडो गॉस असते. १८५९ चे वादळ गॉसच्या हिशेबात अवघे ०.०१६. एवढा दांडगा चुंबक ट्यूबला टेकला, की मास्कचे पोलाद त्याची छाप धरून ठेवते आणि चुंबक दूर नेल्यावरही काही अंशी चुंबकच राहते. कृष्णधवल टीव्हीत मास्कच नसल्याने तिथे चुंबक दूर केला की चित्र सरळ होत असे.

ही छाप पुसण्याच्या कामाला नाव मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. जहाजाच्या पोलादाचे चुंबकत्व हेरून फुटणारे सुरुंग जर्मनांनी समुद्रात पेरले. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसजवळ त्यातला एक अखंड सापडला, आणि ब्रिटिश नौदलाने जहाजांभोवती तारांची वेटोळी गुंडाळून त्यांचे चुंबकत्व दाबायला सुरुवात केली. डिगॉसिंग हे नाव तेव्हाचे. टीव्हीत मात्र पोलादाचे चुंबकत्व उलटसुलट दिशांनी हलवतात. सेकंदाला ५० वेळा आवर्तन करणारे जोरदार क्षेत्र आधी द्यायचे आणि मग ते हळूहळू शून्यावर आणायचे. प्रत्येक आवर्तनात पोलाद आधीच्यापेक्षा जरा कमी चुंबक होते आणि जुनी छाप विरत जाते. पोलाद यातून निव्वळ कोरे होत नाही. त्या जागच्या पृथ्वीच्या क्षेत्राशी ते जुळते आणि त्या क्षेत्राचा आतला परिणाम बराचसा खोडून काढते. त्यामुळे डिगॉस करायचे ते टीव्ही कायमचा ठेवायच्या जागी, त्याच दिशेला तोंड करून.

जुना रंगीत टीव्ही सुरू करताना ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊन पडदा क्षणभर थरथरतो, ते हेच काम. ट्यूबभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्याच्या वाटेत एक छोटा घटक, मेकॅनिकच्या भाषेत पोझिस्टर. थंड असताना तो भरपूर प्रवाह जाऊ देतो. प्रवाहाने तापला की त्याचा रोध एकदम वाढतो आणि एखाद-दोन सेकंदांत क्षेत्र आपोआप मावळते. मला टीव्हीतल्या सगळ्या कल्पनांत ही सर्वांत सुंदर वाटते. पण टीव्ही चालू असेपर्यंत पोझिस्टर तापलेलाच राहतो, आणि अनेक संचांत रिमोटने बंद केल्यावरही तो थंड होत नाही. आपल्याकडे तर टीव्ही रिमोटनेच बंद होतो. पुष्कळ घरांत डाग राहण्याचे कारण एवढेच असू शकते.

तेव्हा आधी स्पीकर, चुंबक, स्टॅबिलायझर दूर करा. टीव्ही लोखंडी कपाटाला चिकटून असेल तर तोही जरा सरकवा. बोर्डावरचे बटण बंद करून अर्धा तास थांबा, मग टीव्ही सुरू करा. ‘घुंऽऽ’ ऐकू आला पाहिजे. डाग फिका झाला पण पूर्ण गेला नाही, तर पुन्हा तसेच, दोन-चारदा. आवाजच येत नसेल तर पोझिस्टर किंवा त्याचा जोड गेला असावा. तो बदलणे हे मेकॅनिकचे किरकोळ काम आहे.

यानेही डाग हटला नाही, तर मेकॅनिककडची हातात धरायची डिगॉसिंग कॉइल लागते. ती चालू करून पडद्यासमोर गोल गोल फिरवत सावकाश दोन मीटर मागे यायचे, कॉइल पडद्याशी काटकोनात वळवायची, आणि मगच बंद करायची. पडद्याजवळ असतानाच बटण सोडले तर आधीपेक्षा मोठा डाग पडतो. दुसरा चुंबक पडद्यावर फिरवून डाग काढायचा उपाय काही जण सांगतात, तो अजिबात करू नये. टीव्ही पडून किंवा फार जबर चुंबकाने मास्कच वाकला असेल, तर मात्र कुठलीच कॉइल तो सरळ करू शकत नाही.

मागचे झाकण घरी उघडू नका. टीव्ही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो. आणि खरोखरच टीव्ही टाकायची वेळ आली तर ट्यूब फोडून तांबे काढणाऱ्याच्या हवाली करू नका. तिच्या काचेत शिसे असते, ते पाताळगंगेच्या मातीत जाऊ नये. अधिकृत ई-कचरा केंद्रावरच द्या. पण त्याआधी बोर्डावरचे बटण बंद करून अर्धा तास वाट पाहा.