कॅमेऱ्यालाही कुलूप हवे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात विहिरीवरील मोटार, मोसंबीची बाग व गोठा यांच्या राखणीसाठी इंटरनेटला जोडलेले कॅमेरे बसविले जातात. घरबसल्या मोबाइलवर शेत दिसते, ही मोठीच सोय होय. तथापि ज्या वाटेने मालक पाहतो, त्याच वाटेने परकाही पाहू शकतो, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांची चित्रणे कॅमेऱ्यांतून चोरून विकली गेल्याचे उघडकीस आले. पोलिसांनी अटक केलेल्या संशयितांत लातूर व सांगली येथील व्यक्तीही होत्या.

अशा चोरीस बहुधा पासवर्डची हयगय वाट करून देते. कारखान्यातून आलेला पासवर्ड पुष्कळदा एका बनावटीच्या सर्व कॅमेऱ्यांना सारखाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असे ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरातील लक्षावधी कॅमेरे व तत्सम यंत्रे ताब्यात घेतली होती.

यास्तव कॅमेरा बसविताच मालकाने स्वतः पासवर्ड बदलावा. तो लांब असावा व बसविणाऱ्या कारागिरासही सांगू नये. राउटरमधून कॅमेऱ्याकडे बाहेरची थेट वाट उघडली असल्यास ती बंद करवून घ्यावी. उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळच्या वेळी भराव्यात. कॅमेऱ्याचे तोंड गोठ्याकडे असावे, माजघराकडे नसावे. गैरप्रकार आढळल्यास सायबर पोलिसांस तत्काळ कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात कॅमेरा दिसताच प्रथम एवढेच विचारावे: पासवर्ड बदलला काय?